मदत हवी आहे : खोलीतल्या दादाशी बोलायचं कसं? (कॉट बेसिस, सदाशिव पेठ)

नमस्कार मंडळी,

मी उदगीर तालुक्यातला. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं घेऊन) राहून राज्यसेवेची तयारी करतोय. चार कॉट, एक ट्यूबलाईट, एक खिडकी. प्रश्न अभ्यासाचा नाही, खोलीतल्या एका दादांचा आहे.

दादा आमच्याच भागातले. ही खोली त्यांनीच मिळवून दिली, मेस लावून दिली, कुठली अभ्यासिका परवडेल तेही त्यांनीच सांगितलं. दोनदा मुख्य परीक्षा दिलेला माणूस. त्यामुळे काही बोलायचं म्हटलं की भीड पडते. पण ते रात्री अडीच-तीनपर्यंत जागतात. ट्यूबलाईट चालू आणि लेक्चर मोबाईलच्या स्पीकरवर, तेही दीडपट वेगात. मला पहाटे पाचला उठायचं असतं.

एकदा म्हणालो, "दादा, जरा लाईट..." तर म्हणाले, "झोपायचंच होतं तर गाव काय वाईट होतं?" बाकीचे दोघं हसले. तेव्हापासून अबोला. आता निरोप तिसऱ्यामार्फत येतात. "त्याला सांग, लाईटबिलाचे दीडशे राहिलेत." मी तिथंच, हातभर अंतरावर बसलेलो. मी खोलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "कृपया बारानंतर हेडफोन वापरावेत" असं टाकलं, तर उत्तर आलं, "साहेब झालात का एवढ्यात?"

गंमत म्हणजे नव्या पॅटर्नमध्ये सामान्य अध्ययन ४ हा नीतिशास्त्राचा पेपर २५० गुणांचा आहे आणि त्यात भावनिक बुद्धिमत्ता येते. समानुभूतीवर मी चार रंगांत नोट्स काढल्यात. त्या सध्या दादांकडे आहेत आणि परत मागायची सोय नाही. पुढं मुलाखत २७५ गुणांची. खोलीत चार वाक्यं धड बोलता येईनात, तर पॅनेलसमोर काय बोलणार?

खोली बदलता येणार नाही, डिपॉझिट अडकलंय. दादांशी संबंध तोडायचे नाहीत, गावाकडं दोन्ही घरांचं येणंजाणं आहे. कसं बोलू?

मेसचा_डबा :
भीड भिकेची बहीण. बारा वाजले की मेन स्विच पाडा आणि झोपा.

माजी_कॉटधारक :
वरच्यांचं ऐकू नका, मेन स्विचवरून हाणामारी झालेली मी पाहिली आहे.

मी अशाच खोलीत राहिलोय, आता नोकरीत आहे. रोज बांधाच्या आणि पाणंद रस्त्यांच्या तक्रारी ऐकतो. तिथं एक पाहिलंय. माणूस आला की "तो नेहमी असंच करतो" इथून सुरुवात करतो आणि मग समोरच्याला फक्त 'नेहमी' खोडून काढायचं असतं. "मागच्या दिवाळीत मीच नांगर दिला होता की!" संपलं, रस्ता राहिला बाजूला. म्हणून तारीखवार, घडलेलं तेवढंच सांगा. "तुम्ही रात्रभर लाईट ठेवता" असं नको. "परवा लाईट अडीचला बंद झाला, मला सकाळी टेस्ट होती, पेपर झोपेत सोडवला" असं सांगा. यात खोडून काढण्यासारखं काही नाही.

दुसरं, खोलीत बोलू नका. बाकीचे दोघं हसले म्हणालात ना, तिथंच घोडं अडलं. चारचौघांत धाकट्यानं हटकलं की मोठा माणूस माघार घेत नाही. त्यांना चहाला न्या, पैसे तुम्ही द्या. ग्रुपवर तर अजिबात नको. 'कृपया' आणि 'वापरावेत' लिहिलं की ती सोसायटीची नोटीस होते.

आणि मागायचं ते एकच मागा. लाईट, स्पीकर, नोट्स, दीडशे रुपये हे सगळं एका चहात काढू नका.

रानजाई :
मी समाजकार्याची विद्यार्थिनी, सध्या समुपदेशनाचं फील्डवर्क चालू आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांचा 'मी-संदेश' आम्हाला शिकवतात : काय घडलं, त्याचा माझ्यावर काय परिणाम झाला, मला कसं वाटलं. माजी_कॉटधारक यांनी सांगितलं ते जवळपास तेच. पण "मला वाटतं तुम्ही स्वार्थी आहात" हा मी-संदेश नव्हे, 'मी' लावलेली शिवीच आहे. आणि आपल्याकडे मोठ्यांना थेट "मला त्रास होतो" म्हटलं की ती तक्रार ठरते. "दादा, एक विचारायचं होतं, कसं करू सांगा" इथून शिरलात तर दार उघडेल. लाचारीनं नको, खरंच विचारा.

केनेथ थॉमस (हे गॉर्डन नव्हेत, वेगळे) आणि राल्फ किलमन यांनी १९७४ मध्ये संघर्ष हाताळण्याच्या पाच तऱ्हा मांडल्या : स्पर्धा, सहकार्य, तडजोड, टाळणं, नमतं घेणं. तुमचं टाळणं चाललंय. तेही कधीकधी बरोबर असतं, परीक्षेच्या आदल्या रात्री भांडण काढू नये. पण रोज झोप जात असेल तर टाळणं महागात पडतं.

एक मात्र विचारते. दादांचं वय काय? खुल्या प्रवर्गाची मर्यादा ३८, मागासवर्गीयांची ४३. दोनदा मुख्य देऊन हाती काही नाही, घरचे लग्नाचं विचारतात, अशा माणसाला रात्री झोप लागत नसेल म्हणूनही तो लेक्चर लावून बसत असेल. म्हणून तुम्ही सोसावं असं मी म्हणत नाही. पण बोलताना हे डोक्यात असू द्या. फारच खचलेले दिसले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

मेसचा_डबा :
स्विचचं गमतीत म्हटलं हो.

धागाकर्ता :
सगळ्यांचे आभार. काल रविवारी मेसमध्ये फीस्ट होती, तिथून दादांना चहाला घेऊन गेलो. परवाच्या टेस्टचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आणि तुझा अलार्म? पाचपासून सहापर्यंत वाजतो, उठत कुणीच नाही." हे मला खरंच माहीत नव्हतं. मी स्नूझ करून परत झोपतो आणि तीनला झोपलेला माणूस जागा होतो.

ठरलं असं : बारानंतर ट्यूबलाईट बंद, ते टेबल लॅम्प लावणार, लेक्चर हेडफोनवर. माझा अलार्म एकदाच, व्हायब्रेटवर, उशीखाली. लॅम्पचे पैसे निम्मे-निम्मे. वयाचं, लग्नाचं मी काही काढलं नाही, त्यांनीच थोडं सांगितलं, ते इथं लिहीत नाही.

नोट्स अजून मागितल्या नाहीत. बाकीच्या दोघांना हे ठरलेलं कसं सांगायचं तेही कळत नाही, कारण दादांनी सांगितलं तर ऐकतील, मी सांगितलं तर पुन्हा हसतील.

माजी_कॉटधारक :
दादांनाच सांगू द्या. लॅम्प क्लिपचा घ्या, कॉटच्या दांडीला लागतो. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या देवळाजवळ बघा, आणि घासाघीस दादांना करू द्या.