रात्री ढप्प कोण करतंय? (बी विंगचा ग्रुप, विश्रामबाग, सांगली)

शनिवार

कदम ४०२, रात्री ११:३१
परत झालं. ढप्प. रोज कुणाच्या घरात काय पडतंय? नात दचकून उठते आमची.

माळी ३०२, ११:३३
आमच्यात काय नाही ओ. आम्हालाबी ऐकू येतंय. मला वाटलं तुम्हीच पलंग सरकवताय.

कदम ४०२, ११:३३
रात्री साडेअकराला पलंग कोण सरकवतं, माळी?

कुलकर्णी काकू २०१, ११:३६
तो डक्टमधून येतो. आमच्या बाथरूमच्या खिडकीशी उभं राहिलं की अगदी स्पष्ट.

शहा (सेक्रेटरी) १०१, ११:३८
डक्टचा विषय मागच्या मीटिंगलाही निघाला होता. गच्चीवरून फायबर शीट टाकून घेऊ, प्रत्येक मजल्याच्या खिडक्यांना ॲक्रिलिक लावू. कबुतरांचाही बंदोबस्त होईल. सहमत असाल तर 👍 करा, उद्याच कोटेशन मागवतो.

माळी ३०२: 👍
कुलकर्णी काकू २०१: 👍
साळुंखे ३०३: 👍 आणि ज्याचा आवाज आहे त्याला नोटीस पण द्या. रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. माझ्या मोबाईलवर आत्ता ५८ दाखवलं.

मगदूम काकू २०४, ११:४०
शुभ रात्री 🌙🌹🌹

कदम ४०२, ११:४४
नोटीस कुणाला देणार? आधी गाडी कुठल्या डेपोची ते तर कळू दे. एसटीत कंट्रोलर होतो मी, वेळा लिहायची सवय हाडात आहे. कालच्या रात्रीचं देतो.
११:०४ मोठा ढप्प
११:१६ छोटा
११:२५ मोठा
११:३८ छोटा
११:४७ मोठा
पुढं झोप लागली. गुरुवारचंही असंच आहे. मोठा, मग दहा-बारा मिनिटांनी छोटा. वस्तू पडत असती तर एवढं टाईमटेबल पाळलं नसतं तिनं.

ओंकार २०२, ११:४५
काका, जबरदस्त 😄 म्हणजे चालू-बंद होणारं काहीतरी मशीन आहे. पाण्याची मोटर?

शहा १०१: मोटर टायमरवर आहे, पहाटे ५:३० ला.

माळी ३०२, ११:४७
५०१ ला डॉक्टरांनी एसी बसवलाय की नवा. महिना झाला. फॉल्स सीलिंगमधून सगळीकडं पत्र्याची डक्ट फिरवलीय.

शहा १०१: डक्ट म्हणजे आपली डक्ट?

माळी ३०२: न्हाई ओ. एसीची डक्ट.

कुलकर्णी काकू २०१: मी आपल्या डक्टचं म्हणत होते. पाईप जातात ती.

शहा १०१: मग शीट कुठल्या डक्टवर टाकायची?

मुल्ला सर ३०१, ११:५२
कुठल्याच नको. शहाजी, हे जरा गांभीर्यानं घ्या. आमच्याकडं आणि १०४ ला गॅस गीझर आहे. बाथरूमची हवा त्याच डक्टमध्ये जाते. वरून शीट टाकली, खिडक्या बंद केल्या, तर गीझर आहे तीच हवा पुन्हा पुन्हा जाळणार आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होणार. त्याला ना रंग, ना वास. आंघोळीला गेलेला माणूस आत चक्कर येऊन पडतो आणि बाहेरच्यांना वाटतं, आज जरा वेळ लागतोय. कबुतरांसाठी जाळी लावा. हवा अडवू नका.

शहा १०१, ११:५५
बापरे. हे डोक्यातच आलं नाही. आधीचे सगळे अंगठे रद्द समजावेत.

रविवार

डॉक्टर ५०१, सकाळी ७:१२
नाईट ड्युटी संपवून आत्ता मिरजेहून आलो, ग्रुप आता वाचला. सगळ्यांची माफी मागतो, विशेषतः कदमकाकांची. आवाज आम्हालाही येतो. बसवणारा म्हणाला होता, पत्रा नवीन आहे, महिनाभरात सेट होईल. आता तो फोन उचलत नाही. चौगुले काका, तुम्ही बघाल का? चहालाच या.

चौगुले १०३, ७:२०
पत्रा सेट होत नसतो डॉक्टर. दहाला येतो. तोवर एसी बंद असू द्या. स्टूल आणि बॅटरी काढून ठेवा.

साळुंखे ३०३, ९:०५
तोपर्यंत एसीच्या जाळीभोवती पॅकिंगचा स्पंज नाहीतर थर्माकोल चिकटवला तर?

चौगुले १०३: नको. भोक बुजवलं की उरलेल्या फटीतनं हवा जास्त जोरात जाते. आवाज वाढतो.

चौगुले १०३, ११:४०
बघून आलो. चष्मा घरी राहिलाय, चुका सांभाळून घ्या.
मशीन चार टनाचं आहे. त्याच्या मागं हवा परत ओढून घेणारी पत्र्याची पेटी असते. तिचा खालचा पत्रा चार फूट बाय अडीच फूट, २६ गेज म्हणजे पातळ आणि एकदम सपाट. ना फुली मारलीय, ना मधे अँगल. कुपवाडला आमच्या पत्राकामाच्या शेडमध्ये पोरगं पहिल्या आठवड्यात हेच शिकायचं, की एवढा मोठा पत्रा सपाट सोडायचा नाही. या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात फुलीची घडी दिली की तो ताठ राहतो.
गोडेतेलाचा १५ किलोचा रिकामा डबा घ्या आणि त्याच्या पोटावर अंगठा दाबा. आत जाताना ढप्प, सोडला की परत ढप्प. वर तेच चाललंय. ब्लोअर सुरू झाला की पेटीतली हवा ओढली जाते, पत्रा आत जातो, तो मोठा ढप्प. ब्लोअर थांबला की पत्रा जागेवर येतो, तो छोटा. कदम साहेबांचा चार्ट खिशात घेऊनच गेलो होतो. मी पत्र्याला तळहात टेकवून उभा राहिलो आणि डॉक्टरांना म्हटलं चालू करा. आवाज नाही. हात काढला, बंद करून परत चालू केलं. ढप्प! वहिनींच्या हातातला चहा सांडला.

कदम ४०२: 🙏🙏 झालं म्हणजे. सापडलं.

चौगुले १०३, ११:५२
सापडलं, पण पत्रा एवढा ओढला का जातो तेही बघायला पाहिजे, नाहीतर एक आवाज जाऊन दुसरा यायचा. टनाला साधारण ४०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ४०० घनफूट हवा धरतात, चार टनाला १६००. परतीच्या हवेची जाळी लावलीय दोन फूट बाय एक फूट. दोन चौरस फुटातनं १६००, म्हणजे मिनिटाला ८०० फूट वेग. आम्ही तिथं ४०० च्या आसपास ठेवतो. डॉक्टरांच्या हॉलमध्ये ती कायम शूँ ऐकू येते ती हीच. फिल्टर काढला तर त्यावर पीओपीचा पांढरा थर, बोटानं नाव लिहावं असा. सीलिंगचं काम चालू असतानाच मशीन चालवून बघितलेलं दिसतंय.
आणि वहिनी, रागावू नका. पाहुण्यांच्या खोलीच्या दोन्ही जाळ्या बंद केल्यात तुम्ही, बिल वाचावं म्हणून. स्प्लिट एसीत ते चालतं. इथं सगळ्या खोल्यांना मशीन एकच. पाहुण्यांच्या खोलीची हवा ते बाकीच्या जाळ्यातनं घुसवतंय, म्हणून बेडरूमला शिट्टी वाजते.

डॉक्टर ५०१: जाळ्या उघडल्या. शिट्टी निम्म्यानं कमी झाली. घरात थोडी शांतता, थोडा अबोला 😅

ओंकार २०२, १२:०३
पण काका, मशीन पाचव्या मजल्याच्या छताला लटकतंय. खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत कसं काय ऐकू येतं?

चौगुले १०३, १२:१०
मशीन बाथरूमच्या वर आहे आणि तिथल्या फॉल्स सीलिंगला आपल्या डक्टच्या बाजूनं पाईपासाठी हातभर भोक सोडलंय. कुलकर्णी बाईंचं बरोबर होतं. आवाज आपल्या डक्टनंच खाली जातोय, फक्त तिथं जन्मत नाही. शिवाय एसीची डक्ट मशीनला सरळ स्क्रूनं आवळलीय, मधे कॅनव्हासची पट्टी नाही. मशीन नुसतं थरथरलं तरी सगळा पत्रा बोलतो.

मगदूम काकू २०४, १२:१४
तंबोऱ्यासारखंच की. नुसती तार छेडली तर शेजारच्याला ऐकू येत नाही, भोपळा लागतो.

शहा १०१: मगदूम काकू??

मगदूम काकू २०४, १२:१६
माझं माहेर मिरजेचं. सतारमेकर गल्ली घरापासून दोन मिनिटांवर. लहानपणी दुपारभर तिथंच बसायचो आम्ही, भोपळ्यावर टिचक्या मारून बघत. तार आणि भोपळा यांच्यामधे घोडी असते, ती काढली की तंबोरा मुका.

चौगुले १०३: एक नंबर. कॅनव्हास लावायचा म्हणजे घोडी काढायची.

माळी ३०२: मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. डॉक्टरांच्या तंबोऱ्याला नको मिळायला 😂

सोमवार

कदम ४०२, संध्याकाळी ६:४८
वळीव आला. लाईट गेले. आणि डक्टमध्ये टक-टक-टक-टक चालू झालंय.

साळुंखे ३०३: हाच! हाच आवाज म्हणत होतो मी. ढप्प वेगळा.

कदम ४०२, ६:५०
लाईट नाहीत तरी वाजतंय, म्हणजे मशीनचा नाही. वाऱ्याचा. झोत आला की वाढतो, वारा पडला की थांबतो.

माळी ३०२, ७:१५
बॅटरी घेऊन बाथरूमच्या खिडकीतनं बघितलं. आमच्या चिमणीच्या पाईपाचं बाहेरचं झाकण आहे. धूर बाहेर जाताना उघडतं आणि एरवी मिटतं ते प्लॅस्टिकचं पान. तेलानं चिकट होऊन अर्धवट उघडं राहिलंय आणि वाऱ्यानं आपटतंय. चूक आमचीच निघाली. वरच्या दोन मजल्यांचंबी तसंच दिसतंय.

चौगुले १०३, ७:२२
गरम पाणी आणि सोड्यानं धुवा, बिजागरी मोकळी करा. पान टेकतं त्या कडेला दारं-खिडक्यांना लावतात ती स्पंजची बारीक पट्टी चिकटवा. पान मात्र चिकटवून बंद करू नका. एकानं केलं होतं, महिनाभर सगळा धूर स्वयंपाकघरातच.

कुलकर्णी काकू २०१, ७:३०
चिमणीचा विषय निघालाच आहे तर. आमची एवढी घोंघावते की फोडणीत मोहरी तडतडली का ते डोळ्यांनी बघावं लागतं. सर्व्हिसवाला दोनदा येऊन गेला. मोटर चांगली आहे म्हणतो.

ओंकार २०२, ७:३४
काकू, पाईप केवढ्या इंचाचा आहे?

कुलकर्णी काकू २०१, ७:४१
ह्यांनी टेपनं मोजला. मशीनवर सहा. भिंतीत जातो तिथं चार. टाइल्सला भोक चारचंच होतं, म्हणून बसवणाऱ्यानं मधे काहीतरी नरसाळ्यासारखं जोडलंय.

ओंकार २०२, ७:४६
तिथंच घोळ आहे. समजा चिमणी तासाला १००० घनमीटर ओढते. सहा इंचातून तेवढी हवा जायची तर वेग सेकंदाला साधारण १६ मीटर, म्हणजे ताशी ५७ किलोमीटर. चार इंचातून तेवढीच काढायची तर ताशी १२७! मोटरला ते झेपत नाही, म्हणून हवा कमी जाते आणि आवाज जास्त होतो. हवेचा वेग दुप्पट झाला की तिचा आवाज १५ ते १८ डेसिबलनं चढतो. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला याच्यावर आमची तोंडी परीक्षा झालीय, खोटं नाही सांगत.

कदम ४०२: १२७ नं एसटी सोडली असती तर मला घरी बसवलं असतं.

चौगुले १०३, ७:५५
पोरगं बरोबर बोलतंय. कोअर कटिंगवाला बोलवा, भोक सहाचं करून घ्या. आणि तो वळ्या-वळ्यांचा ॲल्युमिनियमचा पाईप पूर्ण ताणून बसवा, जास्तीचा कापून टाका. पोटात वळ्या आणि दोन-दोन कोपर ठेवलेत लोकांनी, हवा त्यातच अडखळते.

मंगळवार

चौगुले १०३, दुपारी ४:१०
डॉक्टरांचा पत्रा झाला. खालून दोन अँगल आडवे मारले, सहा-सहा इंचावर स्क्रू. पेटीला आतनं फोम चिकटवला. लटकवायच्या चारी रॉडला रबरी वायसर. बाथरूमच्या सीलिंगचं भोक पाईपाभोवती बंद केलं, एक्झॉस्टची वाट मोकळी ठेवलीय, मुल्ला सरांनी येऊन खात्री केली. फिल्टर धुतला. दुसरी जाळी आणि कॅनव्हास शुक्रवारी, पीओपीवाल्याला तोवर वेळ नाही. म्हणून थोडी घरघर राहील, ती खाली यायची नाही.

शहा १०१: खर्च किती?
चौगुले १०३: अँगल आणि स्क्रू आमच्या शेडमधले उरलेले. डॉक्टरांनी माझं बीपी तपासलंय, फिटंफाट.

कदम ४०२, रात्री ११:५८
११:०० पासून गॅलरीत खुर्ची टाकून बसलोय.
११:०९ काही नाही
११:२१ काही नाही
११:३३ माळींच्या घरी कुणीतरी शिंकलं
११:४५ काही नाही
वही बंद करतो.

साळुंखे ३०३, ११:५९
मोबाईलवर ३९. परवा ५८ होते.

चौगुले १०३, १२:०१
मोबाईलचा आकडा आधीचा-नंतरचा ताडून बघायला ठीक आहे साळुंखे, नोटिशीला नको. झोपा आता.

मगदूम काकू २०४: शुभ रात्री 🌙🌹🌹

बुधवार

कुलकर्णी काकू २०१, सकाळी ९:२०
कोअर कटिंगवाला उद्या ११ ते १ च्या मध्ये येणार आहे. भोक डक्टच्या बाजूनं पडणार, चिखलाचं पाणी खाली गळेल. १०१ ते १०४, डक्टच्या दोरीवरचे कपडे तेवढे काढून ठेवा. शहाजी, तुमच्या मिसेसची हिरवी साडी कालपासून तिथंच आहे.