कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) दोन्ही जास्त, पण सेस्टामिबी स्कॅन (किरणोत्सारी औषध टोचून या ग्रंथींची गाठ शोधणारा) निगेटिव्ह. पुढे काय?

तालुका_ओपीडी
५४ वर्षांच्या बाई, दोनदा मुतखडा. कॅल्शियम ११.४ (लॅबची वरची मर्यादा १०.२), अल्ब्युमिन ४.१, पीटीएच १३८, क्रिएटिनिन ०.९. गळ्याच्या सोनोग्राफीत काही नाही, सेस्टामिबीही निगेटिव्ह. घरचे विचारतात, गाठच नाही तर ऑपरेशन कशाचं? फोर-डी सीटी करावा की सहा महिने थांबावं?

कंठस्थ
निदान रक्तावर झालेलं आहे: थायरॉइडमागच्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींपैकी एखादी जास्त काम करतेय (हायपरपॅराथायरॉइडिझम). कॅल्शियम वर गेलं की पीटीएच दबायला हवं, इथे दोन्ही वर. स्कॅन सर्जनला जागा दाखवतो, आजार आहे की नाही ते ठरवत नाही. निगेटिव्हचा अर्थ ‘सापडली नाही’ एवढाच.

थायझाइड (रक्तदाबाची गोळी) किंवा लिथियम, कॅल्शियम वाढवणारी ही औषधं चालू नाहीत ना? व्हिटॅमिन डी पाहिलंत? २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियमही हवं. कॅल्शियम-क्रिएटिनिन क्लिअरन्सचं गुणोत्तर ०.०१ च्या खाली आलं तर आनुवंशिक हायपोकॅल्शियुरिक (लघवीतून कॅल्शियम कमी जाणाऱ्या) प्रकाराचा संशय घ्यायचा, त्यात ऑपरेशनचा उपयोग नसतो. मुतखडे असल्याने शक्यता कमी वाटते, पण तपासणी स्वस्त आहे. डी कमी असेल तर लघवीतलं कॅल्शियमही कमी येऊन फसवतं, म्हणून आधी ते भरून काढा.

गॅमा_कॅमेरा
रिपोर्ट बाजूला ठेवून प्रतिमा मागवा. डोस साधारण २० ते २५ मिलिक्युरी, पहिल्या प्रतिमा १०-१५ मिनिटांनी, नंतरच्या दीड ते तीन तासांनी. ट्रेसर (टोचलेलं किरणोत्सारी औषध) पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात अडकतो. ऑक्सिफिल (मायटोकॉन्ड्रियांनी भरलेल्या) पेशी कमी असलेल्या गाठीतून तो लवकर निघून जातो, मग उशिराच्या प्रतिमेत काहीच उरत नाही. गाठ लहान असली किंवा एकाहून जास्त ग्रंथी वाढल्या असल्या तरी स्कॅन चुकतो. नुसते समोरून काढलेले प्लेनर फोटो असतील तर अभ्यास अर्धाच झाला. स्पेक्ट-सीटी (सीटीसोबत घेतलेला त्रिमिती स्कॅन) हवा, आणि तो जबड्यापासून हृदयापर्यंत.

उलटही घडतं. थायरॉइडची गाठ ट्रेसर धरून ठेवते आणि पॅराथायरॉइड असल्याचं सोंग आणते.

लिनिअर_प्रोब
सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून आहे. खांद्याखाली उशी, मान मागे, १० मेगाहर्ट्झच्या वरचा प्रोब. थायरॉइडच्या मागे काळसर लांबट गाठ आणि डॉपलरवर तिच्या एका टोकातून शिरणारी रक्तवाहिनी शोधायची. छातीच्या हाडामागचं मात्र दिसत नाही, आणि खालच्या पॅराथायरॉइड ग्रंथी गर्भात थायमससोबत (छातीतल्या ग्रंथीसोबत) उतरताना नेमक्या तिथे राहू शकतात.

‘सुई घालून बघू’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पेशी सांडण्याची भीती, वर चट्टा पडून ऑपरेशन अवघड होतं.

क्रिएटिनिन ०.९ आहे, तेव्हा फोर-डी सीटी करता येईल. यातली चौथी मिती म्हणजे वेळ. आधी कॉन्ट्रास्टशिवाय, मग सुमारे २५-३० सेकंदांनी, मग ८० च्या आसपास. अ‍ॅडिनोमा (पॅराथायरॉइडची गाठ) झटकन उजळून फिका पडतो, लिम्फ नोड सावकाश उजळतो. थायरॉइड आयोडीनमुळे कॉन्ट्रास्टविनाच पांढरी दिसते. म्हणून पहिली फेरी वाचवू नका, नाहीतर थायरॉइड आणि गाठ यांत फरक करताना घोळ होतो.

तालुका_ओपीडी
प्लेनरच होते! डी २८, लघवीत कॅल्शियम ३४०, गुणोत्तर ०.०२.

कंठस्थ
मग शंका उरली नाही. मुतखडे आहेत, कॅल्शियम मर्यादेच्या १.२ वर आहे. ऑपरेशनला दोन्ही कारणं पुरेशी. स्पेक्ट-सीटी किंवा फोर-डी सीटी करा, आणि तरीही जागा मिळाली नाही तर चारही ग्रंथी उघडून पाहणाऱ्या, नेहमी हेच काम करणाऱ्या सर्जनकडे पाठवा. गाठ काढल्यावर १० मिनिटांत पीटीएच निम्म्याहून खाली यायला हवं. नाही आलं तर अजून एखादी ग्रंथी बाकी आहे.

डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करताना मनगटाजवळचं हाड सांगून मोजायला लावा. या आजारात ते आधी झिजतं आणि नेहमीच्या तपासणीत सुटतं.