व्हँपायर-झॉम्बी मध्ययुगातले, की सिनेमावाल्यांच्या डोक्यातले?

रातकिडा:
माझ्या मते भयपटांतली चालती प्रेतं थेट मध्ययुगातली आहेत. विल्यम ऑफ न्यूबर्ग या इंग्लिश मठवासी इतिहासकारानं ११९८च्या सुमारास लिहिलेला किस्सा बघा. बायकोवर संशय, म्हणून एक गडी छपराच्या तुळईवर लपून बसला. तिथून पडला आणि मेला. (इथपर्यंत फार्सच!) पुरल्यावर मात्र रात्री गावात हिंडू लागला, मागे भुंकणारी कुत्री. त्याच्या श्वासानं साथ पसरली. त्या साथीत बाप गमावलेल्या दोघा भावांनी बोथट फावड्यानं थडगं उकरलं. प्रेत टम्म फुगलेलं, चेहरा लालबुंद. घाव घालताच रक्ताची धार लागली, जळू फुटल्यासारखी. मग काळीज उपसून प्रेत जाळलं. व्हँपायरला आणखी काय लागतं?

तिसरी घंटा:
किस्सा झकास, निष्कर्ष ओढूनताणून. उन्हानं व्हँपायर मरतो, हे १९२२च्या 'नोस्फेराटू' या सिनेमानं आणलं. १८९७च्या कादंबरीतला ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो. झॉम्बी तर हैतीचा, गुलामगिरीच्या आठवणीतून आलेला. तो कुणाला खात नाही, त्यालाच राबवून घेतात. माणसं खाणाऱ्या प्रेतांची लाट दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या १९६८च्या सिनेमानंतरची. यात तुमचा मठवासी कुठे बसतो?

उंबरठा:
लांडगामाणसाचं तर उलटंच झालंय. बाराव्या शतकातल्या मारी द फ्रान्स या कवयित्रीच्या काव्यात तो सभ्य सरदार आहे. बायकोनं कपडे लपवले म्हणून बिचारा लांडगाच राहतो. शिकारीत राजा दिसताच रिकिबीतल्या त्याच्या पायाचं चुंबन घेतो! पुढे बायकोचं नाक तोडतो, पण तिची करणी बघता राजाही त्याच्याच बाजूनं उभा राहतो. चावल्यानं लागण, चांदीचा घाव हे १९४१च्या 'द वुल्फ मॅन' या सिनेमानं रूढ केलं. मला विचाराल तर जुनाच जास्त रंगतदार.

रातकिडा:
@तिसरी घंटा, नियम बदलले, मान्य. भीती तीच: ओळखीचाच माणूस मेल्यावर परत येतो आणि रोग आणतो. आणि या नुसत्या गप्पा नव्हत्या. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या व्हॅरम पर्सी या उजाड गावात सापडलेल्या, ११व्या ते १४व्या शतकांतल्या १३७ हाडांपैकी काहींवर सुरीचे वार आणि जाळल्याच्या खुणा आहेत. प्रेतं उठू नयेत म्हणून हे केलं असावं, असं २०१७च्या अभ्यासात म्हटलंय.

तिसरी घंटा:
'असावं'वर किती भार टाकाल राव? दुष्काळात माणसं खाल्ली असतील, ही शक्यताही त्याच अभ्यासात तपासली आहे.

रातकिडा:
तपासली आणि मागे टाकली. खायला कापलं असतं तर वार मोठे स्नायू जोडलेल्या जागी आणि मोठ्या सांध्यांपाशी दिसले असते. इथे बहुतेक डोक्या-मानेपाशी आहेत.