हुंदल की मनदीप? पोराला कुठल्या मापाने मोजायचं?

रत्नागिरी_हाफलाइन:
आठवडाभर आमच्या हॉकीवाल्या मंडळींत एकच वाद चाललाय, म्हणून इथे नीट मांडतो. २०२६ च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्स-बेल्जियमला वर्ल्ड कप आहे. फॉरवर्ड लाइनमध्ये मनदीप सिंगची जागा पक्की धरायची की अरायजीत हुंदलसारख्या पोराला आत घ्यायचं, हा प्रश्न. आणि समोरून उत्तर येतं ते नेहमीचंच, "मनदीपच्या अडीचशेवर मॅचेस, दोन ऑलिम्पिक ब्राँझ, ह्या पोराने सीनियरमध्ये काय केलंय?"

मला ही तुलनाच मान्य नाही. एकतिशीतल्या माणसाचं तयार खातं आणि विशी नुकतीच ओलांडलेल्या पोराचं अर्धं खातं शेजारी ठेवून बेरीज करायची, मग पोरगं हरणारच ना? तुलना करायचीच तर त्याच वयातल्या मनदीपशी करा. मनदीप १९९५ चा, २०१३ ला पहिल्या हॉकी इंडिया लीगमध्ये रांचीकडून खेळला तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि सगळा देश त्याच्याकडे बघत होता. आणि २०१६ ला? रिओ ऑलिम्पिकच्या टीममध्ये नाव नाही. एकवीस वर्षांचा, सीनियर खेळून झालेला, तरी बाहेर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लखनौला ज्युनियर वर्ल्ड कप जिंकला, मग परत आला, मग टोकियो, मग पॅरिस. त्याच वेळी "ह्याच्याकडून आता काय होणार नाही" म्हणून कोणी फुली मारली असती तर आज ज्याच्या बाजूने तुम्ही भांडताय तो मनदीप असता कुठे?

हुंदलने डिसेंबर २०२३ ला क्वालालंपूरच्या ज्युनियर वर्ल्ड कपमध्ये कोरियाला हॅटट्रिक मारली, पुढच्या डिसेंबरला मस्कतला ज्युनियर आशिया कपच्या फायनलमध्ये पाकिस्तानवर चार गोल, आपण ५-३ ने जिंकलो. पण मी नुसते गोल मोजा असं म्हणत नाहीये. गोल हे सगळ्यात शेवटी बघायचं.

मी शाळेच्या पोरांना शिकवतो. मागे जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत एका पोराने दोन गोल मारले, सगळे त्याच्या मागे. मी दुसऱ्याच एका बारक्या पोराकडे बघत होतो. बॉल त्याच्याकडे यायच्या आधी त्याची मान दोनदा वळायची, एकदा डिफेंडर कुठाय ते, एकदा आपला माणूस कुठे मोकळा आहे ते. आणि बॉल गेला की कपाळाला हात लावून उभा नाही राहायचा, पहिली तीन पावलं उलटी, बॉलच्या मागे. त्याचा एकही गोल नव्हता. पण तो पोरगा वरच्या लेव्हलला टिकणार, कारण वरच्या लेव्हलला स्पीड सगळ्यांकडेच असतो, आधी बघायची सवय सगळ्यांकडे नसते. हुंदलकडे ह्या नजरेने बघा आणि मग बोला.

वेंगुर्ल्याचो_बापू:
माका ह्या पटाक नाय. सर, तुमचं शाळेचं उदाहरण चांगलं आहे पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. मान वळवणं, बॉल गेल्यावर मागे धावणं, हे सगळं आज मनदीप करतो, रोज करतो, मोठ्या मॅचला करतो. मग ज्याच्याकडे ते आहेच त्याला काढून ज्याच्याकडे कदाचित येईल त्याला घ्यायचं कशाला?

पॅरिसचे आकडे घ्या. आठ मॅचमध्ये आपले गोल पंधरा, त्यातले दहा एकट्या डिफेंडर हरमनप्रीतचे. फॉरवर्ड लोकांचे किती? अभिषेक दोन, सुखजीत एक, मनदीप एक. बस. म्हणजे आपल्या टीममध्ये फॉरवर्डचं काम गोल मारण्यापेक्षा पेनल्टी कॉर्नर (गोलसमोरच्या सर्कलमधल्या फाउलवर मिळणारी गोलची संधी) काढून देणं, रिबाउंडवर तयार राहणं आणि समोरच्याला त्याच्याच २५ यार्डांत दाबून ठेवणं हे जास्त. न्यूझीलंडच्या मॅचला मनदीपचा गोल कसा आला? कॉर्नरवरचा शॉट अडला आणि रिबाउंडला हा हजर. कोणी म्हणेल साधा गोल. साधा असेल तर बाकीचे तिथे का नव्हते?

आणि कोच फुल्टनची पद्धत बघा, २०२३ ला आल्यापासून बचाव आधी आणि बचावाची सुरुवात फॉरवर्डपासून. ग्रेट ब्रिटनच्या क्वार्टर फायनलला १७ व्या मिनिटाला डिफेंडर रोहिदासला रेड कार्ड, राहिलेली मॅच दहा जणांत काढली. अशा वेळी पुढच्या फळीतल्या माणसाला कधी दाबायचं आणि कधी गप मागे येऊन जागा धरायची हे कोणी शिकवत बसत नाही, ते अंगात असावं लागतं. ते ज्युनियरमध्ये चार गोल मारून येत नाही. मस्कतच्या त्या चारातले बरेचसे पेनल्टी कॉर्नरवरचे होते, हे पण लिहा की. ड्रॅगफ्लिक (कॉर्नरवर बॉल स्टिकने ओढून गोलकडे फेकणं) ही वेगळी विद्या, त्यावरून फॉरवर्ड म्हणून पोरगं कसं आहे ते कळत नाही. आणि कॉर्नर मारायला आपल्याकडे हरमनप्रीत आहेच.

देवगडचा_चढाईपटू:
मी कबड्डीवाला, पण हॉकी न चुकता बघतो. बापूंच्या बाजूने एक सांगतो. आमच्याकडे गावच्या मातीवर एकेक चढाईपटू असा खेळतो की लोक मैदानाच्या दोरीवर येऊन उभे राहतात, आणि तोच पोरगा मॅटवर गेला की दोन मॅचमध्ये गायब. पाय वेगळा पडतो, समोरचा कोपरारक्षक वेगळ्या ताकदीचा असतो, आणि मुख्य म्हणजे तिकडे कोणी फसत नाही. ज्युनियरमधून सीनियर हॉकी म्हणजे हेच. २०१६ ला लखनौला ज्युनियर वर्ल्ड कप जिंकलेल्या टीमचा कॅप्टन हरजीत सिंग, तो ऑलिम्पिक कधीच खेळला नाही. कॅप्टन होता हो तो! म्हणून ज्युनियरचं यश बघून कोणाची जागा पक्की करू नये असं मला वाटतं.

रत्नागिरी_हाफलाइन:
चढाईपटू भाऊ, हरजीतचं खरं आहे, पण त्याच फायनलची स्कोअरशीट पूर्ण वाचा. बेल्जियमला २-१ ने हरवलं, गोल कोणाचे? गुरजंत आणि सिमरनजीत. पाच वर्षांनी टोकियोला ब्राँझच्या मॅचमध्ये जर्मनीवर ५-४, त्यात दोन गोल ह्याच सिमरनजीतचे, आणि तो मूळ सोळा जणांत नव्हताच, राखीव होता, त्या वर्षी नियम बदलून राखीव खेळाडूंना खेळायला मिळालं म्हणून आत आला. गुरजंत पण टोकियोच्या टीममध्ये. आणि एस. व्ही. सुनीलसारखा इतक्या वर्षांचा अनुभवी फॉरवर्ड त्या टीममध्ये नव्हता. तेव्हाही हीच ओरड होती की अनुभव घरी ठेवून चाललेत. एक्केचाळीस वर्षांनी मेडल आलं.

बापू, कॉर्नरचं तुमचं बरोबर, ते गोल वेगळे मोजायलाच हवेत. पण त्याचा दुसरा अर्थ बघा. ऑलिम्पिकला सोळाच जण नेता येतात, त्यात फॉरवर्ड म्हणून पळणारा आणि वर फ्लिक मारू शकणारा माणूस असेल तर हरमनप्रीत बाहेर बसलेला असताना कॉर्नर वाया जात नाही. रोलिंग सबमध्ये (मॅच चालू असताना खेळाडू आत-बाहेर करणं) हे किती वेळा होतं ते तुम्हाला माहितीये. पंधरातले दहा एकाच माणसाचे, ही मला तरी काळजीची गोष्ट वाटते.

चिपळूणची_लेफ्ट_विंग:
मी युनिव्हर्सिटीपर्यंत खेळलेय, विंगवर. दोघांचं वाचून एक गोष्ट खटकली ती सांगते. तुम्ही दोघंही असं बोलताय जणू काही ह्या दोघांपैकी एकालाच जागा आहे. हॉकीत फॉरवर्ड पाच-सात मिनिटं जीव तोडून पळतो आणि बाहेर येतो, मग परत जातो. पंधरा मिनिटांच्या चार क्वार्टरमध्ये जोड्या सतत बदलतात. मग पोरगं कोणाबरोबर आत जातंय हे महत्त्वाचं. २००३ चा क्वालालंपूरचा आशिया कप आठवा, फायनलला पाकिस्तानला ४-२. धनराज पिल्ले पस्तिशीचा, कॅप्टन. त्याच्या आजूबाजूला गगन अजित, दीपक ठाकूर, प्रभज्योत, म्हणजे २००१ ला होबार्टला ज्युनियर वर्ल्ड कप जिंकलेली पोरं. धनराज दोन डिफेंडर स्वतःकडे ओढायचा आणि ही पोरं मोकळ्या जागेत. खडकीच्या गल्लीतून आलेला आपला माणूस, त्याचं मोठेपण मला गोलांपेक्षा तिथे जास्त दिसलं. त्या पोरांची गुणवत्ता दिसली ती पण ह्याच्यामुळेच.

आणि सर, तुम्ही मान वळवण्याचं लिहिलंत ते मनापासून पटलं, पण ते तुम्हाला दिसतं कारण तुम्ही मैदानाच्या कडेला उभे असता. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे फिरतो, बॉल नसताना फॉरवर्ड काय करतोय ते आपल्याला दिसतच नाही. लोक मोबाइलवर दीड मिनिटाचं हायलाइट बघतात आणि पोराचं भवितव्य ठरवून मोकळे होतात. आपल्याकडच्या पोरांचं तर त्याहून वाईट. मी जांभ्याच्या मैदानावर शिकले, तिथे बॉल शेवटच्या फुटावर कधी उडेल सांगता येत नाही, म्हणून आम्ही सगळ्या स्टिक आडवी टाकून, पूर्ण वाकून बॉल थांबवायचो. पहिल्यांदा टर्फवर (कृत्रिम गवतावर) गेले तेव्हा तीच सवय नडली, मी वाकून थांबवेपर्यंत पोरी बॉल पळता पळता घेऊन पुढे गेलेल्या. सिलेक्शनला आलेल्या बाईंनी वहीत काय लिहिलं असेल? "स्लो." मी स्लो नव्हते. मला टर्फवर चार महिने मिळाले असते तर कळलं असतं. म्हणून म्हणते, गुणवत्ता आहे की नाही हे बाहेरून ठरवण्यापेक्षा पोराला मोठ्या माणसांबरोबर मिनिटं द्या, ती पण सलग.

वेंगुर्ल्याचो_बापू:
ताई, तुमचं लिहिणं वाचून वाईट वाटलं आणि ते शंभर टक्के खरं आहे, कोकणातल्या पोरांच्या बाबतीत तर जास्तच. पण मिनिटं कुठे द्यायची? वर्ल्ड कपला? तिथे एक मॅच बिघडली की चार वर्षं गेली. २०२३ ला भुवनेश्वरला काय झालं, क्रॉसओव्हरला (क्वार्टर फायनलआधीची बाद मॅच) न्यूझीलंडविरुद्ध ३-१ ने पुढे होतो, ३-३ झाली, शूटआउटला बाहेर. घरच्या मैदानावर. त्या दिवशी मला झोप लागली नाही. आघाडी हातात असताना बॉल कोपऱ्यात नेऊन वेळ काढणारा, फाउल काढणारा माणूस पुढे लागतो. पोरगं तिसऱ्या-चौथ्या गोलाच्या मागे धावणार.

रत्नागिरी_हाफलाइन:
बापू, राग मानू नका पण त्या टीममध्ये मनदीप होता, ललित होता, आकाशदीप होता, मनप्रीत होता, मागे गोलकीपर श्रीजेश. अनुभव कमी पडला म्हणून ती मॅच गेली असं म्हणताच येणार नाही. अनुभव भरपूर होता आणि तरी ३-१ ची ३-३ झाली. आणि शेवटच्या क्वार्टरला पोरं घाबरतात हे पण कोणी सिद्ध केलंय? डिसेंबर २०२५ ला चेन्नईला ज्युनियर वर्ल्ड कपच्या ब्राँझ मॅचमध्ये अर्जेंटिना २-० ने पुढे, आणि आपल्या पोरांनी शेवटच्या क्वार्टरमध्ये चार गोल मारून मॅच काढली. बाकावर श्रीजेश होता कोच म्हणून, म्हणजे ताई म्हणतात तसं मोठं माणूस जवळ होतंच.

चिपळूणची_लेफ्ट_विंग:
बापूकाका, कुठे द्यायची ते सांगते. वर्ल्ड कप ३० ऑगस्टला संपतो, आयची-नागोयाचे एशियन गेम्स १९ सप्टेंबरला सुरू. मध्ये तीन आठवडे पण नाहीत. तेच पाय दोन्हीकडे चालतील का? तिशी ओलांडलेल्या फॉरवर्डचे हॅमस्ट्रिंग ह्या गणिताला तयार नसतात, मी फिजिओकडे बसून हे बघितलंय. मग आत्ताच प्रो लीगमध्ये (देशांच्या टीमची लीग) हुंदल, दिलराज वगैरे मंडळींना मनदीप किंवा अभिषेकच्या जोडीने नियमित खेळवलं नाही तर सप्टेंबरला आपण काय करणार आहोत?

वेंगुर्ल्याचो_बापू:
एशियन गेम्सचं गोल्ड म्हणजे लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचं थेट तिकीट, हांगझोऊला जपानला ५-१ हरवून पॅरिसचं मिळालं तसं. तिकडे तर मी मनदीपला आधी नेईन, प्रयोगाची ती जागाच नव्हे. प्रो लीगचं म्हणाल तर मान्य, खेळवा पोरांना. पण एक अट. हुंदल आत असताना कॉर्नर सोडून बाकीचं बघायचं, किती वेळा सर्कलमध्ये बॉल घेऊन शिरला, किती कॉर्नर काढून दिले, बॉल गेल्यावर मागे आला का. बेल्जियम, नेदरलँड्ससारख्यांसमोर. तिथे मनदीपच्या बरोबरीने दिसला तर मी इथे येऊन त्याचं नाव लिहीन.

देवगडचा_चढाईपटू:
बापू, बरोबरीने कशाला? सर म्हणतात तसं ह्या वयातल्या मनदीपच्या बरोबरीने दिसला तरी पुरे की.

वेंगुर्ल्याचो_बापू:
नाय रे. सीनियरच्या जर्सीत आल्यावर समोरचा डिफेंडर वय विचारत नाही.

रत्नागिरी_हाफलाइन:
डिफेंडर विचारत नाही, पण निवडणाऱ्याने विचारायलाच हवं, त्यासाठीच तो तिथे बसलाय. प्रो लीगच्या मॅचेस मी पूर्ण बघणार आहे. ताई म्हणतात तसं कॅमेऱ्यात सगळं येत नाही, तरी सबमधून आत आल्यावरची पहिली दोन मिनिटं आणि बॉल गेल्यानंतरची धाव एवढं तर दिसतंच. ते मॅचवार इथेच टाकतो, मनदीपचं पण आणि हुंदलचं पण. बापू, तुम्ही सर्कलमधल्या एन्ट्री आणि कॉर्नर मोजा.