जेफ बेकचा 'ब्लो बाय ब्लो': जॉर्ज मार्टिनने घडवला की गुळगुळीत केला?

निवांत_श्रोता
काल रात्री परत सलग ऐकला. इंग्लिश रॉक गिटारवादक जेफ बेक म्हटलं की लोक त्याचा जुना बँड यार्डबर्ड्स नाहीतर १९६८ चा अल्बम 'ट्रूथ' काढतात, पण माझ्या मते माणूस खरा सापडला तो १९७५ च्या या अल्बममध्ये. गायकच नाही आणि तरी अमेरिकेत बिलबोर्डच्या अल्बम-यादीत चौथ्या नंबरपर्यंत गेला, रॉकवाल्याचा नुसत्या वाद्यांचा अल्बम एवढा वर जाणं तेव्हा काय, आजही सोपं नाही. आणि यातलं निम्मं श्रेय निर्माता जॉर्ज मार्टिनचं आहे, ते कुणी देत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

कोरी_कॅसेट
अजिबात पटलं नाही. मार्टिनने बीटल्ससाठी जे केलं त्याला माझा दंडवत, पण इथे त्याने बेकला पॉलिश मारलंय. 'डायमंड डस्ट' ऐका ना, बर्नी हॉलंडची इतकी सुंदर चाल, पाच मात्रांचा ठेका, गिटार कुठे जरा श्वास घेतेय तोवर मागून व्हायोलिनचा ताफा येतो आणि सिनेमाचं पार्श्वसंगीत चालू झाल्यासारखं वाटतं. 'ट्रूथ'मध्ये रॉड स्टुअर्ट जीव तोडून गातोय आणि हा गिटार घेऊन त्याच्या अंगावर जातोय, ती खुन्नस इथे कुठाय? फ्यूजन, म्हणजे जॅझ आणि रॉकची सरमिसळच ऐकायची तर गिटारवादक मॅक्लॉफलिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राचा १९७३ चा 'बर्ड्स ऑफ फायर' आहे की.

सहा_तारा
व्हायोलिन फक्त 'स्कॅटरब्रेन' आणि 'डायमंड डस्ट'वर आहेत हो, दोन ट्रॅकवरून अख्खा अल्बम निकालात काढू नका. 'कॉज वीव्ह एंडेड अ‍ॅज लव्हर्स'ची सुरुवात हेडफोन लावून ऐका. तार छेडताना गिटारचा व्हॉल्यूम बंद असतो, मग करंगळीने नॉब फिरवत स्वर वर आणतो, त्यामुळे पिकचा टक असा आवाज येतच नाही, स्वर आपोआप उगवल्यासारखा येतो. मी सहा महिने याच्या मागे आहे, नॉब जमला की सूर हलतो, सूर धरला की नॉबला उशीर होतो. गाणं मूळ स्टीव्ही वंडरचं, १९७४ मध्ये सिरीटाने शब्दांसकट गायलेलं, आणि ती त्याची घटस्फोटित बायको. बेकने शब्दच काढून टाकले तरी विरह तसाच्या तसा पोचतो. सारंगी ऐकताना आपण बोल कुठायत विचारतो का?

ठेका_धरून
मॅक्स मिडलटनचं नाव कुणीच घेईना म्हणून लिहितोय. 'फ्रीवे जॅम' त्याची रचना आहे. त्याचा कीबोर्ड, फिल चेनचा बास आणि रिचर्ड बेलीचे ड्रम काढून बघा, बेक उभा कुणाच्या जिवावर राहणार?

निवांत_श्रोता
मिडलटनचं राहिलं माझ्याकडून, चूक झाली. 'डायमंड डस्ट'मध्ये व्हायोलिन जरा जास्त झालेत हेही मान्य करतो. पण 'स्कॅटरब्रेन'मध्ये नऊ मात्रांत गिटार सुसाट सुटते तेव्हा तेच व्हायोलिन तिला अजून ताण देतात, तिथे ते काढले तर मला तरी चालणार नाही.

कोरी_कॅसेट
सारंगीचा मुद्दा डोक्यात राहिलाय, हेडफोनवर ऐकतो परत. पण बीटल्सच्या 'शीज अ वूमन'ला जमैकाचा रेगे ठेका लावून वर टॉक बॉक्समधून, म्हणजे गिटारचा आवाज नळीने तोंडात घेऊन, तिला बोलायला लावलंय, ते मला आजही खटकतं. शब्द नकोतच होते तर तिथे तोंड कशाला घातलं?