शॉकच्या दांड्यासाठी घरगुती कव्हर

गाडीच्या शॉक अ‍ॅब्झॉर्बरचा दांडा खडे-चिखलापासून वाचवायला जुन्या ट्यूबचा तुकडा कापून त्यावर घट्ट गुंडाळायची कल्पना काही जण सुचवतात. हेतू अगदी बरोबर आहे, फक्त घट्ट गुंडाळू नका. त्या चकचकीत दांड्यावर क्रोमचा पातळ थर असतो. खडा लागून त्यावर बारीक खड्डा पडला की प्रत्येक हादऱ्याला तोच खड्डा सीलवरून (आतलं तेल अडवणाऱ्या रबरी कड्यावरून) घासत जातो आणि काही दिवसांनी शॉकच्या अंगावर तेलकट, धूळ चिकटलेला पट्टा दिसू लागतो. आवळलेल्या कव्हरात चिखलाचं पाणी अडकतं आणि नेमका सीलपाशी पॉलिश पेपरसारखा लगदा तयार होतो. म्हणजे उघडा दांडा परवडला!

मी निओप्रिनच्या (रबरी, लवचिक) कापडाची सैल बाही शिवली आणि शिवणीऐवजी वेल्क्रो लावलं, म्हणजे काढून धुता येते. वरचं टोक झिप टायने बांधलं, खालचं मोकळं. लांबी मोजताना मात्र गाडी जॅकवर घ्या, चाक पूर्ण लोंबकळू द्या आणि मगच माप घ्या. चाक जमिनीवर असताना घेतलेलं माप हमखास तोकडं पडतं. एबीएसची (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर आणि ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची लवचिक नळी) यांना कव्हर कुठेही घासत नाही ना, हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा.

बॉल जॉइंट (चाक सस्पेन्शनला जोडणारा सांधा) आणि सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा) यांच्या फाटलेल्या बुटांवर, म्हणजे रबरी आवरणांवर, मात्र हा प्रयोग कृपया करू नका. तिथे आतलं ग्रीस टिकायला हवं. बॉल जॉइंट निखळला तर चाकच आडवं होतं.