मदत हवी आहे: वीतभर उंचीच्या लव्हाळावर्गीय रोपाची ओळख व लागवड

इंदूरमध्ये घरामागच्या मुरमाड जागेत मी पवन्या आणि कुसळी ही गवते लावून कोरडवाहू गवताळ बाग करीत आहे. तेथे पावसाळ्यात आपोआप उगवलेले, केसासारख्या बारीक पानांचे, झुबक्याने वाढणारे एक रोप लव्हाळ्याच्या कुळातील वाटते. मात्र त्याच्या मुळांना नागरमोथ्यासारख्या गाठी नाहीत, आणि पानाचे आवरण जेथे संपते तेथे लांब पांढरे केस भिंगातून स्पष्ट दिसतात. या केसांमुळे ते लव्हाळ्याच्या कुळातील फिम्ब्रिस्टायलिस या प्रजातीचे नसून त्याच कुळातील, दिसायला जवळच्या बल्बोस्टायलिस या प्रजातीचे असावे, असा माझा कयास आहे. ही ओळख पक्की करण्यासाठी, फळाच्या टोकाशी किंजलाचा (फुलातील स्त्रीकेसराच्या दांड्याचा) तळ टिकून राहिला आहे का, हे इतक्या बारीक फळावर कसे तपासावे? बी केव्हा गोळा करावे, आणि ते मातीवर नुसते भुरभुरावे की झाकावे? तण समजून माळ्याने अर्धे झुबके उपटले, म्हणून उरलेले जपण्याची मला फार काळजी आहे.